त्रेसष्ट अंगठे

"आमच्या घरच्यांनी कोणा गरिबाचा घास खाल्लेला नाही, अण्णा," जयलक्ष्मी उंबऱ्यातूनच म्हणाली. "पण सोमवारी त्यांना पोलिसांच्या हवाली करणार आहेत."

व्यंकोजीरावांनी तिला आत बोलावलं. मद्रासच्या पोलीस कचेरीत वीस वर्षं बोटांचे ठसे जुळवून त्यांचे डोळे थकले होते. पेन्शन घेऊन ते कुंभकोणमला परतले आणि लोकांची अडलेली कोडी सोडवू लागले. शेजारी त्यांचे स्नेही गोपालकृष्ण मास्तर बसले होते. ते शाळेत भूगोल शिकवत.

जयलक्ष्मीचा नवरा सुंदरेश हा भांड्यांचे मोठे व्यापारी एकोजीराव यांच्याकडे कारकून होता. एकोजीरावांनी बाजारातली नऊ दुकानं निराधारांच्या अन्नवस्त्रासाठी धर्मादाय करून ठेवली होती. अशा मिळकतीच्या भाड्यावर सरकार प्राप्तिकर घेत नसे. मात्र भाडं खरोखर धर्मात गेलं का, हे कराचा अधिकारी विचारू शकत असे. या वर्षी, म्हणजे १९२५ साली, नव्या अधिकाऱ्यानं विचारलं. एकोजीरावांनी गरिबांनी अन्नवस्त्र मिळाल्याबद्दल दिलेल्या त्रेसष्ट पावत्या पुढं केल्या. प्रत्येकीवर नाव, वय, गाव, तारीख आणि डाव्या अंगठ्याचा ठसा. अधिकाऱ्याचा शिपाई गावोगाव हिंडला. त्रेसष्टांपैकी एकही माणूस सापडला नाही.

"आता मालक म्हणतात, मी पैसे सुंदरेशच्या हाती दिले, त्यानं ते खाल्ले आणि खोट्या पावत्या आणल्या. अक्षर यांचंच आहे."

"एकोजीराव खोटं बोलतील असं मला वाटत नाही, बाई," मास्तर हळूच म्हणाले. गेल्याच एकादशीला विठ्ठलाच्या देवळात त्यांनी एकोजीरावांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. गेल्या पावसाळ्यात पटकीची साथ आली, तेव्हा गावाशेजारच्या मेलकावेरीत छपरी उभारून रोग्यांना जवळ करणारा तो एकच माणूस.

व्यंकोजीराव उठले. त्यांनी भिंग खिशात टाकलं.

अधिकाऱ्यानं त्यांना पावत्या बघू दिल्या. तासाभरानं व्यंकोजीरावांनी मान वर केली.

"त्रेसष्टही ठसे निरनिराळे आहेत. कुणा एकाचा अंगठा पुन्हा पुन्हा उठवलेला नाही."

"मग ही माणसं खरीच असणार," मास्तर म्हणाले.

"खरीच. आता हा ठसा बघा. रेघांवरून उभ्या पांढऱ्या चिरा गेल्यात."

"म्हाताऱ्याचा असेल. सुरकुत्या."

"वय एकोणीस लिहिलंय. आणि सगळेच असे आहेत. शिवाय एकही ठसा फरफटलेला नाही. अडाणी माणूस कागदावर अंगठा दाबताना हमखास घसरवतो. इथं सगळे एकसारखे, हलके, सरळ."

मास्तरांनी पावती उचलली आणि नाक मुरडलं. "हिला वास येतोय. शाळेची गटारं धुतात ना, त्या कार्बोलिकचा."

"शाबास, मास्तर. तारखा चित्रैपासून पंगुनीपर्यंत, म्हणजे वर्षभर पसरल्यात. पण वास सगळ्यांना तोच. आणि अक्षरांची शाई ठशाच्या वरून गेलीये. आधी ठसा, मग नाव."

सुंदरेश घरी लंगडत येरझाऱ्या घालत होता.

"कोऱ्या चिठ्ठ्यांवर अंगठे आधीच होते," तो म्हणाला. "मालकांनी मला वर्ष संपता संपता, पंगुनी महिन्यात गठ्ठा दिला. म्हणाले, गरिबांना ताटकळत ठेवायला नको म्हणून अंगठे आधी घेतले, नावं मी सांगतो, तू भर. मी भरली. कोण विश्वास ठेवणार, रायर?"

"पायाला काय झालं?"

"तिरुप्पनंदाळला सासुरवाडीला गेलो होतो, तिथं बैलगाडीतून पडलो. पूर्ण आवणी आणि पुरट्टासी, पावसाळ्यातले दोन्ही महिने, खाटेवर काढले."

एकोजीराव दुकानात पितळी घागरींच्या उतरंडीपुढं बसले होते. कपाळी गंध, हातात जपमाळ. त्यांनी मास्तरांना लाडू दिला आणि मास्तरांनी तो भक्तिभावानं खाल्ला.

"पोटच्या पोरासारखं वागवलं त्याला," ते म्हणाले. "दोन महिने पाय मोडून पडला, तरी पगार दिला. ऐन साथीत! मी एकटा छपरीत राबत होतो. त्या रोग्यांना त्यांची पोरं शिवेनात, व्यंकोजीराव. मी शिवलो."

"अंगठे कुणी घेतले?"

"त्यानंच. मी फक्त पैसे देत आलो. माझा दोष एवढाच, की मी विश्वास टाकला." त्यांचे डोळे भरून आले. मास्तरांचेही.

मेलकावेरीची छपरी आता रिकामी होती. कृष्णमूर्ती कंपाउंडर तिथंच राहून बाटल्या धुवत होता. दारातच कार्बोलिकचा भपकारा आला.

"आवणी-पुरट्टासी, दोनच महिने चालली छपरी," तो म्हणाला. "एकाहत्तर माणसं गेली, त्यात आठ लेकरं. पटकीत माणूस आतून वाळतो, रायर. बोटांची टोकं परटिणीच्या बोटांसारखी चुरगळतात, नखं निळी पडतात. सुब्बलक्ष्मी प्रेतांना न्हाऊ घालायची, ती कुरकुर करायची की डाव्या अंगठ्याची निळाई लिंबू चोळल्याशिवाय निघत नाही."

"एकोजीराव काय करत?"

"देवमाणूस! कुणी गेलं की मला म्हणायचे, तू जा, दोन घास खाऊन ये. मग दार लोटून स्वतः त्याच्या तोंडात तुळस आणि तीर्थ घालायचे. सुब्बलक्ष्मीला नंतर आत सोडायचे."

व्यंकोजीरावांनी मेलेल्यांची यादी मागून घेतली आणि एकेक नाव वाचून विचारलं, यांपैकी कुणी कधी जमीन विकली होती का?

"ही पवळायी. मुलीच्या लग्नासाठी पानमळा विकला होता तिनं. आवणीच्या बारा तारखेला गेली."

तिथून व्यंकोजीराव दस्त नोंदवण्याच्या कचेरीत गेले. मास्तरांना कळेना, पावत्यांच्या भानगडीत कुणा बाईच्या पानमळ्याचं काय काम? ते बाहेर ओट्यावर वाट बघत बसले. व्यंकोजीराव शिक्का मारलेला एक कागद घडी करत बाहेर आले आणि घराकडे निघाले.

सोमवारी सकाळी अधिकाऱ्याच्या खोलीत सगळे जमले. एकोजीराव खुर्चीवर, सुंदरेश उभा, जयलक्ष्मी दाराशी.

"कोडं असं होतं," व्यंकोजीराव म्हणाले. "कुंभकोणमसारख्या गावात त्रेसष्ट माणसांचे अंगठे कुणी शाईत बुडवले, तर संध्याकाळपर्यंत बाजारभर बोभाटा होईल. पण कुणालाच काही माहीत नाही. अंगठा देऊनही गप्प राहतील अशी त्रेसष्ट माणसं कुठं मिळतात?"

व्यंकोजीरावांनी पावत्यांचा गठ्ठा पुढं ओढला.

"एकोणीस वर्षांच्या पोराचा अंगठा सुरकुतलेला का, हे कंपाउंडरनं नकळत सांगितलं. पटकीत बोटं चुरगळतात. ठसे घसरले नाहीत, कारण अंगठा कागदावर आलाच नव्हता. कागद अंगठ्यावर नेऊन दाबला होता. वास छपरीचा. आणि सुब्बलक्ष्मीची ती निळाई! पटकीनं निळं पडलेलं अंग लिंबानं उजळत नाही, आणि रोग फक्त डावा अंगठा निवडत नाही. लिंबानं निघते ती शिक्क्याची शाई."

मास्तर पावत्यांपासून मागं सरले.

"एकाहत्तर गेले. आठ लेकरं वजा करा. लेकरांचे अंगठे लहान म्हणून उपयोगाचे नव्हते."

"देवा," दाराशी जयलक्ष्मी पुटपुटली.

"सुंदरेश हे करूच शकत नव्हता. छपरी दोनच महिने होती आणि ते दोन महिने हा तिरुप्पनंदाळला खाटेवर होता. हे खुद्द एकोजीरावांनीच मला सांगितलं. कंपाउंडरला जेवायला पाठवलं जायचं, सुब्बलक्ष्मी बाहेर थांबायची. लोटलेल्या दाराआड प्रेतापाशी एकच माणूस असायचा."

"मी त्यांच्या तोंडात तीर्थ घालत होतो!" एकोजीराव ओरडले. "ही सगळी कल्पना आहे. कुणाचा अंगठा कुणाचा, हे कोण सांगणार?"

"पवळायी सांगेल." व्यंकोजीरावांनी दोन कागद अधिकाऱ्यापुढं ठेवले. "पानमळा विकताना तिनं नोंदणीच्या वहीत अंगठा दिला होता. त्याची ही नक्कल कचेरीनं शिक्का मारून दिलीये. आणि ही पावती. नाव कामाक्षी, गाव स्वामीमलै, तारीख मार्गळीची. भोवरा तोच, रेघांचे फाटे तेच, अठरा ठिकाणी जुळतात. आवणीत चितेवर गेलेली बाई चार महिन्यांनी, मार्गळीत, तांदूळ न्यायला आली होती म्हणायची."

अधिकाऱ्यानं भिंगातून बराच वेळ पाहिलं, मग भिंग खाली ठेवलं.

"जिवंत माणसांना अन्न देऊन त्यांचे अंगठे का नाही घेतले?" मास्तरांनी न राहवून विचारलं.

एकोजीरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातलं एखादं मठ्ठ पोर प्रश्न विचारतंय.

"अन्नाला पैसे पडतात, मास्तर. शिवाय जिवंत माणूस उद्या साहेबासमोर उभा राहून काहीही बोलेल. आणि मी काय बिघडवलं हो त्यांचं? लाकडं माझी, तूप माझं. नाहीतर कावळ्या-कुत्र्यांनी खाल्ले असते. मेलेल्या माणसाला अंगठ्याचं काय करायचंय?"

मास्तरांची नजर एकोजीरावांच्या पायांवर गेली. हेच पाय, मास्तरांना आठवलं. याच पायांवर आपण डोकं ठेवलं होतं. दुकानात खाल्लेल्या लाडवाची चव जिभेवर परत आली, तुपकट, गोड.

"सुंदरेश, तुम्ही घरी जा," अधिकारी म्हणाला. "एकोजीराव, कर भरावा लागेल, दंड भरावा लागेल, आणि खोटं लिहून दिल्याबद्दल मॅजिस्ट्रेटसमोर खटला उभा राहील."

खटला शब्द ऐकून एकोजीराव दचकतील, असं मास्तरांना वाटलं होतं. पण त्यांनी कमरेची पिशवी सोडली.

"दंड आत्ताच भरतो," ते म्हणाले. "फक्त पक्की पावती द्या, साहेब. सहीशिक्क्यानिशी. नंतर घोळ नको."

मास्तर खोलीबाहेर धावले आणि कचेरीच्या भिंतीला हात टेकून भडाभडा ओकले. सगळं बाहेर पडलं तरी उमाळे थांबेनात. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. जयलक्ष्मी होती. तिच्या मागं सुंदरेश उभा होता, सुटल्याचा आनंद कसा करावा हे न कळल्यासारखा.

"चला, मास्तर," ती म्हणाली. "आमच्याकडेच पान मांडते. अण्णांनाही बोलवा."

मास्तरांनी चूळ भरली, तोंड पुसलं. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. ते गेले, पाटावर बसले, आणि वाढलेल्या भाताकडे बघत तसेच बसून राहिले.