बोळकांडीत उंदीर मेलाय वाटतं

हे खरं आहे. माझ्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या सुनेच्या बाबतीत घडलंय.

विश्वास ठेवा, नका ठेवू. फक्त जेवताना वाचू नका.

वेळ रात्रीची नव्हती. अमावस्याही नव्हती. वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस, आणि भर दुपार. अख्खं अहमदाबाद गच्चीवर होतं. एवढ्या लख्ख उजेडात हे झालं, म्हणून तर मला आजही दुपारचा डोळा लागत नाही.

मी तरुलता. हरकोरच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या चिकटलेल्या घरांच्या वस्तीत, सून म्हणून आले आणि तिथेच सासू झाले. हल्ली लोक कॅमेरे घेऊन पोळ बघायला येतात. किती जवळ जवळ घरं, किती एकोपा, म्हणून फोटो काढतात. म्हटलं, राहून बघा.

सकाळी शेजारचे रसिकभाई घसा खाकरायचे, ते थेट आमच्या चहात पडल्यासारखं वाटायचं. जीभ घासताना त्यांना येणारी ओकारी त्यांच्या बायकोच्या आधी मला ऐकू यायची. कोणाकडे काय शिजलं ते मोरीच्या वासावरून कळायचं. कोणाला ते पचलं नाही, तेही मोरीवरूनच.

चांगलं काहीच नव्हतं, असं म्हणणार नाही. सासऱ्यांच्या छातीत कळ आली तेव्हा मी नुसतं "अगं बाई" म्हटलं, तर गच्चीवरून माणसं उतरून आली होती. लिंबू, जायफळ, पोर सांभाळायला म्हातारी... हात लांब केला की मिळायचं. दाराला कुलूप कसलं ते मला माहीत नव्हतं.

माझ्या मौलिकचे पप्पा म्हणायचे, "माणसं आहेत म्हणून वास आहे, तरु."

मी म्हणायचे, "मग थोडी कमी माणसं चालतील मला."

आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपलीकडे मंछाबाचं घर. बा म्हणजे आजी; एकटीच राहायची. भिंत दोघांत एकच. दार मात्र मागच्या गल्लीत, त्यामुळे तिच्याकडे जायचं तर पोळला वळसा घालावा लागायचा. म्हणून त्या भिंतीत जुन्या लोकांनी आरपार फडताळ ठेवलेलं. एक झडप आमच्याकडे, एक तिच्याकडे.

त्यातून वाटकी जायची-यायची.

आमच्याकडे हा रिवाज पक्का. शेजारून वाटकी आली की ती रिकामी परत करायची नाही. चिमूटभर साखर का होईना, घालायची.

मंछाबाच्या उजव्या अंगठ्याचं नख बुरशी लागून जाड झालं होतं. पिवळं. थरावर थर. आणि तो अंगठा कढीत बुडवूनच ती वाटकी पुढे करायची. माझ्या सासूबाई ती कढी मिटक्या मारत प्यायच्या. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

सासूबाई गेल्या, वाटकी थांबली. मी फडताळाला कडी घातली आणि पुढे पिठाचा डबा ठेवला.

मग एका भाद्रपदात भिंतीतून आवाज यायला लागला.

ठण्... ठण्...

मला वाटलं, रसिकभाई काही ठोकतायत. रसिकभाईंना वाटलं, आमच्याकडे काहीतरी चाललंय. घरं इतकी चिकटलेली की कुठला आवाज कोणाचा, हे कोणी विचारतच नाही.

मग आवाज थांबला.

आणि वास सुटला.

आमच्या आणि रसिकभाईंच्या घरामध्ये एक बोळकांडी होती. माणूस आडवा शिरेल एवढीच. दोन्ही घरांच्या मोऱ्या तिथे सुटायच्या. रसिकभाईंची बायको कोकिला खिडकीत नाकाला पदर लावून उभी राहिली.

"तरुबेन, तुमच्या बाजूला उंदीर मेलाय वाटतं."

"आमच्या कशाला? बाजरीची पोती तुमच्याकडे!"

"आमचे उंदीर तुमच्याकडेच जेवायला येतात ना!"

हसलो आम्ही. बोळकांडीत फिनेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतलं. भांडलोसुद्धा. पोळमधल्या प्रत्येक घराने आपापल्या शेजाऱ्यावर ढकललं.

उंदीर नव्हता.

मंछाबा होती. तिच्या घरात, फडताळाच्या खाली, भिंतीला टेकून बसलेली. हातात रिकामी वाटकी. त्या वाटकीनेच ती भिंत वाजवत होती.

किती दिवस ती तशी होती, ते पोलिसांनी सांगितलं. मी सांगणार नाही. तेवढे दिवस त्याच भिंतीला पाठ लावून मी रोटल्या लाटल्या, एवढंच सांगते. तो वास आठवला की अजूनही जिभेवर पाणी सुटतं, ओकायच्या आधी सुटतं तसं.

तिच्या पुतण्याने घर धुऊन काढलं. फडताळ तिकडच्या बाजूने विटांनी बुजवलं, वरून सिमेंट लावलं आणि कुलूप ठोकून निघून गेला.

पोळमध्ये त्यानंतर कोणी हा विषय काढला नाही. सगळ्यांचीच नाकं त्यात होती.

पुढे मौलिकचं लग्न झालं. उशिराच झालं. झंखना भावनगरची, बंगल्यात वाढलेली. पोळमध्ये कुठल्या भिंतीमागे कोणाचं घर, हे तिला कुठून कळणार? आम्हालाच कळायला वर्षं लागली. आणि नव्या सुनेला मंछाबाची गोष्ट कोण सांगतं?

वर्षाच्या आत तिला दिवस राहिले. मला आकाश ठेंगणं झालं.

पण दिवाळीनंतर ती ताटावरून उठायला लागली.

"मम्मी, पोट भरलंय."

"कशाने भरलं? दोन घास तर खाल्लेस."

"खरंच भरलंय, मम्मी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिचं वजन उतरतंय, बाळ मात्र छान वाढतंय. असं कसं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. झंखनाची गालफडं बसली. हाताच्या शिरा वर आल्या. पोट तेवढं मोठं होत गेलं. मला रात्रंदिवस एकच घोर, हे मूल नीट हातात यावं.

मग पुन्हा वास यायला लागला.

मी लगेच कोकिलाला खिडकीतून ओरडले, "अगं, बोळकांडीत बघ जरा!" फिनेल ओतलं. मोरी घासली. वास जाईना.

एका दुपारी मी झंखनाची वेणी घालत होते. तिने मान मागे टाकून जांभई दिली...

वास तिच्या तोंडातून येत होता.

माझा हात तिच्या केसांतच थांबला. ती म्हणाली, "काय झालं, मम्मी?" मी म्हटलं, "काही नाही." आणि उठून मोरीत ओकले.

मौलिकला सांगितलं, तर म्हणाला, "मम्मी, तुला सगळ्यांचाच वास येतो." त्याचंही चुकलं नाही. जन्मभर मी नाकच मुरडत आले होते.

मग आली वासी उत्तरायण.

सगळे गच्चीवर. गच्च्या एकमेकींना लागलेल्या, त्यामुळे अख्खी पोळ वर एकच अंगण झालेली. खाली घरं सताड उघडी आणि रिकामी. झंखनाला सातवा लागलेला, म्हणून तिला खालीच झोपवलं होतं. मी तिच्यासाठी उंधियो गरम करायला जिना उतरले.

खाली इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. कोणाचा खोकला नाही. कोणाचा नळ नाही. कोणाचा मिक्सर नाही.

आणि त्या शांततेत...

कोणीतरी चोखत होतं. बोटं चोखावीत तसं.

मग झंखनाचा आवाज. लाडिक. "बस ना, बा... पोट फुटेल आता माझं."

थोडं थांबून ती हसली. "बरं, एवढं संपवते."

मला वाटलं, कोणी म्हातारी आली असेल. मी दारात गेले.

पिठाचा डबा बाजूला सरकवलेला. फडताळाची झडप उघडी. झंखना जमिनीवर मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून बसलेली. मांडीवर वाटकी.

वाटकीत काय होतं?

भात होता कधीतरी. आता राखाडी होता. वर लव आली होती. त्याला सुटलेलं पाणी तारेसारखं तिच्या बोटांना चिकटून वर येत होतं. आणि ती ते चाटत होती. कडेचं काही वळवळत होतं, तेही तिने बोटाने आत ढकललं आणि तोंडात घातलं.



"झंखना, हे कोणी दिलं तुला?"

ती दचकली नाही. ओठ पुसत म्हणाली, "पलीकडच्या बांनी."

"कोण बा?"

"कोकिलामासींच्या सासूबाई. रोज दुपारी वाटकी देतात. तुम्ही झोपलेल्या असता ना... इतका मऊ भात मम्मी, आपल्याकडे होतच नाही."

त्याच क्षणी वरून कोकिलाचा आवाज आला. "काय्पो छे!" पतंग काटला होता त्यांनी. आणि कोकिलाची सासू? ती कोकिलाच्या लग्नाआधीच गेलेली. शिवाय या भिंतीमागे कोकिलाचं घर नव्हतंच.

मी विचारलं, "तोंड पाहिलंस त्यांचं?"

"नाही. हातच दिसतो फक्त." मग तिने नाक मुरडलं, हुबेहूब माझ्यासारखं. "अंगठा मात्र आत बुडवतात हं त्या. नख बघवत नाही. पहिल्यांदा मला किळस आली होती. आता सवय झाली."

मी तिच्या मांडीवरची वाटकी हिसकावली आणि मोरीत फेकली. फडताळात डोकं घातलं.

समोर विटा. सिमेंट. कुठे फट नाही. मी हाताने ठोकून पाहिलं, भिंत पक्की होती.

पण फडताळाची फळी ओली होती. आणि त्या ओलीत, विटांच्या बाजूने सरकत आलेले... चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे ठसे.

मी किंचाळले.

पोळचं हे मानलंच पाहिजे. किंकाळी संपायच्या आत स्वयंपाकघर भरलं. मौलिक, त्याचे पप्पा, रसिकभाई, कोणाकोणाच्या सुना, हातात अजून मांजा. कोणी मला पाणी दिलं, कोणी झंखनाला धरलं. कोकिला सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली, थबकली आणि नाकाला पदर लावला.

"अगं तरुबेन... तुमच्याकडे उंदीर मेलाय वाटतं."

कोणीच हसलं नाही. तिलाही बोलल्यावर कळलं. ती पदर तोंडात कोंबून जिन्याकडे पळाली.

मोरीत वाटकी सापडली नाही.

आम्ही पोळ सोडली. नदीपलीकडे, लांब, नवीन फ्लॅट घेतला. सहावा मजला, चारही बाजूंनी मोकळी जागा. भिंतीपलीकडे नुसती हवा. मी मुद्दाम तसाच बघितला. पहिल्या सकाळी कोणाचंही खाकरणं ऐकू आलं नाही, तर मी गॅलरीत उभी राहून रडले. सुखाने.

तिथे झंखना जेवायला लागली. अंग भरलं. तोंडाचा वास गेला. दिवस भरले, मुलगी झाली. गोरीपान, धडधाकट. नाव ठेवलं हेली. मी देवापुढे नाक घासलं.

सगळं नीट होतं. गेल्या आठवड्यापर्यंत.

उष्टावणाचा दिवस काढायचा म्हणून मी पंचांग घेऊन बसले होते. झंखना हेलीला थोपटत होती. सहज म्हणावं तसं म्हणाली, "मम्मी, मी ती वाटकी रिकामी नाही हं परत केली कधी."

मी चष्मा काढला. "काय घालायचीस?"

"त्या मागतील ते. आधी आपल्या ताटातला भात. मग दूध." तिने हेलीचं दुपटं सारखं केलं. "नंतर म्हणाल्या, आता काही नको घालूस. लेकरू झालं की पहिला घास मला भरवू दे. तेवढं कबूल कर."

"आणि तू?"

"हो म्हटलं. म्हातारं माणूस, मम्मी. नाही कसं म्हणायचं?"

मी पंचांग मिटून ठेवलं. म्हटलं, उष्टावण करायचंच नाही. वर्षाची होईतो नुसतं दूध. दिवसच काढला नाही, तर पहिला घास येईल कुठून?

काल दुपारी झंखना न्हायला गेली होती. पुरुषमाणसं कामावर. हेली पाळण्यात जागी होती. रडत नव्हती, म्हणून मी बघायला गेले.

ती चावत होती.

दात नाहीत तिला. नुसत्या हिरड्या हलत होत्या. सावकाश... चवीने...

मी तिच्या तोंडात बोट घातलं. बोटाला शीत आलं. मऊ. राखाडी.

मला वास घ्यायची गरज नव्हती. तरी आला.

हेलीने माझं बोट ढकललं. चिडून. मग कूस बदलून ती भिंतीकडे वळली, जिच्यापलीकडे सहा मजल्यांची नुसती हवा आहे, आणि तिने पुन्हा आ केला.

मी जीव खाऊन ओरडले. बाथरूमच्या दाराआड पाणी पडत होतं. समोरच्या फ्लॅटचं दार बंद होतं, खालच्यांचं बंद होतं. मी बराच वेळ ओरडत राहिले.

कोणी आलं नाही.