मागून उठलेली गाडी

सिलतऱ्याच्या गोदामात सकाळी पत्र्यांचे गठ्ठे कोसळले, फोर्कलिफ्ट शिकवणाऱ्या निरंजनचा पाय मोडला, अन् दुपारी गाडी चालवणारी त्याची शिकाऊ अपर्णा इरावतीच्या दारात उभी. दोष अपर्णावर आला होता. आज परीक्षा होऊन लायसन हाती यायचं, त्याऐवजी नोकरीच जाणार.

इरावती खासगी तपास करायची. ती लगेच निघाली. सासू वनमालाबाईही निघाल्या. सुनेला एकटी जाऊ देतील तर त्या वनमालाबाई कसल्या.

गोदामात बाई त्या पिवळ्या फोर्कलिफ्टभोवती एक फेरी मारून आल्या. एवढीशी गाडी देवळाच्या दाराएवढा लोखंडाचा ढीग उचलते, अन् चालवते ही काडीसारखी पोट्टी!

सकाळीच विश्वकर्मा पूजा झालेली. पुढचा भार तोलायला गाडीच्या मागे जे जड लोखंड असतं, त्याच्या माथ्यावर तेला-शेंदराचं ओलं स्वस्तिक होतं. अर्धं फासलेलं.

अपर्णा म्हणाली, "परीक्षेच्या मधेच निरंजन सर जरा बाहेर गेले होते. भार बरोबर आहे असं शेखर सर म्हणाले. गाडीनं नीट उचलला. थोडी पुढं गेली, अन् एकदम मागून उठली. माझी नजर पुढंच होती."

पूजा करणाऱ्या शंकरचे हात मनगटापर्यंत लाल. गठ्ठे कोसळले तेव्हा आपण फाटकावर प्रसाद वाटत होतो, असं त्यानं सांगितलं; चौकीदारानं मान डोलावली.

सुपरवायझर शेखर म्हणाला, आपण ऑफिसात होतो. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"काहून रे, सगळ्यांची जाकिटं अंगात अन् तुझं कमरेला?" बाई म्हणाल्या.

"गर्मी है, मांजी."

इरावतीनं सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं.

"नुसता भार जास्त असता तर गाडी उचलतानाच कलली असती. ती चालू लागल्यावर उठली. म्हणजे मागचं वजन वाटेत कमी झालं. जास्तीच्या भाराला माणूस मागे बसवायची इथली खोड. निरंजन येताना दिसला तसा तो माणूस उडी मारून पळाला. हातानं शेंदूर एवढा रुंद फासला जात नाही. शेखर भैया, जाकीट सोडा."

पँटवर मागून लालभडक ठसा होता.

शेखर मान खाली घालून बोलला. ट्रक खोळंबला होता, म्हणून दोन गठ्ठे एकदम लादायला लावले होते. गोदामाच्या साहेबांनी त्याला ऑफिसात नेलं.

बाई सुनेकडे बघतच राहिल्या. "शेंदूर तं मीही पायला होता," त्या पुटपुटल्या.

दवाखान्यातून निरंजननं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, पोरीची परीक्षा अर्धी आहे, माझ्यासमोर पुरी करा.

अपर्णा चढली, पट्टा लावला, मागं वळून पाहिलं, हॉर्न दिला. एक गठ्ठा अलगद वर गेला. आयुष्यात कुणाला वाट न दिलेल्या वनमालाबाई पदर सावरून बाजूला झाल्या.