सोनखिंडीचे लांबलेले धुके

या हकिकतीवर कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर त्याने तो चारचौघांत सांगू नये. पण आश्विनातल्या पहाटे सोनखिंडीत असे दाट धुके उतरे, की पहाऱ्यावरचे शिपाई आपली पागोटी त्यालाच टांगीत आणि ऊन वर आले की ती पटापट खाली पडत.

ती कधी पडणार, हे वारा हुंगून आगाऊ सांगणारा एकच माणूस रुद्रमाळ किल्ल्यावर होता: हैबती शेलार. दसऱ्याच्या सदरेत मानाचा शेला दरसाल त्याच्याच खांद्यावर पडे. खिंडीच्या चौकीचा नाईक धाकोजी ढेबे बारा वर्षे तो सोहळा पाहत आला होता. दसरा जवळ आला की त्याची बायको म्हणे, "चूल कशाला पेटवू? भाकरी तुमच्या छातीवरच टाकते!"

त्या साली दसऱ्याच्या आदल्या पहाटे गनीम खिंडीखाली येऊन ठेपला. खिंडीत माणसे अवघी साठ. कुमक यायची दुपारी. किल्लेदार अंताजीरावांनी विचारले, "हैबतीराव, धुके कधी निवळेल?"

"सूर्य भालाभर वर आला की, सरकार. मग गनिमाला आपली गरिबी दिसेल. त्याआधी खिंड सोडावी."

"दुपारपर्यंत हलायचे नाही!" धाकोजी बोलून गेला. वाऱ्यातले त्याला ओ की ठो कळत नव्हते. हैबती खोटा पडावा, एवढेच कळत होते.

"जबान देता, नाईक?"

"शिर देतो, सरकार."

खिंड सोडणे म्हणजे मागची वाडी गनिमाच्या तोंडी देणे. तेव्हा अंताजीरावांनी मनाजोगा सल्ला उचलला आणि धाकोजीला खिंडीत धाडले.

सूर्य भालाभर वर आला, आणि धुके फाटू लागले. उतारावरची सोनकीची पिवळी फुले दिसली, मग वर किल्ल्याचा बुरूज दिसला, आणि बुरुजावर हसणारा हैबती दिसला! मरणाने जे झाले नसते ते त्या हसण्याने झाले. धनगरांच्या गोठ्यातल्या गोवऱ्या आणि निखारे पाटीत घेऊन धाकोजी एकटाच खिंडीच्या तोंडाशी रांगत गेला, गनिमाच्या बंदुकांच्या टप्प्यात ओळीने ढीग रचून पेटवले, त्यावर ओले गवत लोटले, आणि डासांसाठी गुरांना देतात तशी धुरी साऱ्या खिंडीला दिली. धुरातून गोळ्या सणसणल्या. एक मांडी चाटून गेली. तरी हा पठ्ठ्या पालथा पडून फुंकतच होता. मागे साठ जणांनी खोकला गिळून शिंगे फुंकली, कड्यांनी त्यांची सहाशे केली. दुपारी कुमक पोहोचली, तेव्हा गनीम घाट उतरून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सदर भरली. धाकोजी लंगडत पुढे झाला.

"नाईक, शाबास! पण वारा ओळखलात कसा?"

"डाव्या नाकपुडीने, सरकार. हैबतीराव उजवीने हुंगतात, तिथेच चुकतात. कालचे धुके अस्सल होते, हां!"

अंताजीरावांनी शेला उचलला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो दुसऱ्याकडे चाललेला पाहून हैबतीच्या छातीत असा काही डोंब उसळला, की मुजरा करायचेही भान राहिले नाही.

"शेला खुशाल द्यावा, सरकार," तो भर सदरेत म्हणाला. "पण नाईकांना एवढे विचारा: धुक्यात माणसाच्या मिशा भिजतात; यांच्या करपल्या कशा?"