उलट्या पिळाचा दोर

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. नमिता माझी मावसबहीण, भुताखेतांच्या गोष्टींवर खदाखदा हसणारी सायन्सवाली. तिच्याच बाबतीत हे घडलं, म्हणून तर मी मानतो.

१९९७ चा मे महिना. शनिवार. आणि रात्रबित्र काही नाही, भर दुपार. जागा रोह्याची, तिच्या मामेभावाच्या, प्रविणदादाच्या कॉम्प्युटर क्लासची.

नमिता तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा प्रोजेक्ट असा, की डीएनएचे दोन सुटे धागे कॉम्प्युटरमध्ये सोडायचे आणि ते एकमेकांना कसे चिकटतात, पीळ कसा पडतो ते बघायचं. खऱ्या नळीत नाही, नुसत्या आकड्यांच्या हिशोबानं. सोमवारी मुंबईला सरांना दाखवायचं होतं. जमलं नाही तर पीएच.डी.ची जागा दुसऱ्याला देईन, असं सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

आणि मेले धागे चिकटतच नव्हते!

जवळ यायचे, एक-दोन जोड्या लागायच्या, की सुटलेच. जरा बरं चाललंय म्हणावं, तर लाईट जायची. पुन्हा सगळं पहिल्यापासून. नमिता पार वैतागली होती. लाईटवर, सरांवर, दादाच्या रखडणाऱ्या मशीनवर.

त्या सकाळी तर सखाबाबांवरसुद्धा.

सखाबाबा म्हणजे तिच्या गावचे, जिते गावातले शेजारी. उमेदीत मिठागरावर राबलेले, आता घरात एकटेच. गावात कुणी गेलं की तिरडीचा काथ्याचा दोर तेच वळायचे. पीळ मुद्दाम उलटा, डावा द्यायचे. का, तर तो दोर चुकूनही गुरांच्या दाव्यांत मिसळू नये. वळताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो. लहानपणापासून ते काम नमिताचं.

सकाळी ती स्टेशनला निघाली, तर म्हातारा अंगणात काथ्या भिजवून बसलेला.

"नमे, जरा टोक धर गो. एक दोर वळायचा हाय."

"कोण गेलं, बाबा?"

"कोन नाय. माजा मीच वळून ठेवतो. मागनं ही पोरं सरळ पिळाचा बांधतील, भरोसा नाय."

"काहीतरीच काय बोलता! माझी गाडी जाईल. सोमवारनंतर धरते."

"सोमवारपर्यंत कोन थांबतंय," म्हातारा हसला.

तिला रागच आला. ती तरातरा निघून गेली.

दुपारी प्रविणदादा घरी जेवायला गेला. क्लासमध्ये ती एकटीच. पडद्यावर धागे जवळ आले... आणि लाईट गेली.

पंखा थांबला. ट्यूब विझली.

नमितानं टेबलावर हात आपटले. तिला रडूच फुटलं.

मग तिच्या लक्षात आलं...

पडदा चालूच होता.

इन्व्हर्टर असेल, असं तिला वाटलं. धागे हलत होते. एका टोकाला जोडी लागली. मग तिच्या शेजारची. मग पुढची. अजिबात घाई नाही. कुणी बसून हातानं वळावं, तसं.

आणि आवाज...

करकर... करकर...

मशीनचा नव्हता तो. खोलीत भिजल्या काथ्याचा वास सुटला होता.

तिला उठायचं होतं. पण दोन्ही हात कुणीतरी समोरून ओढून धरल्यासारखे झाले होते. सोडवता येईनात.

शेवटची जोडी लागली. आवाज थांबला. हात मोकळे झाले.

अख्खे धागे चिकटले होते! भीतीबिती विसरून ती पडद्याजवळ वाकली, आणि तिचं डोकंच फिरलं.

पीळ डावा होता.

डीएनएचा नेहमीचा पीळ उजवा. तिच्या प्रोग्रॅममध्ये डावा पीळ पडायला जागाच नव्हती. एवढा आटापिटा करून शेवटी हे! चरफडतच तिनं फाईल फ्लॉपीवर उतरवली.

"अंधारात काय करतेस गो?" दारात प्रविणदादा उभा होता. "लाईट तर येऊ दे."

"इन्व्हर्टरवर चाललंय ना."

"माझ्याकडं कुठला आलाय इन्व्हर्टर?"

तिनं वळून पाहिलं. पडदा काळा होता.

तेवढ्यात फोन वाजला. बूथवरून तिची धाकटी बहीण पूजा बोलत होती.

"ताई, सखाबाबा गेले गो. आत्ताच... दुपारी."

नमिता गावी पोचली, तेव्हा तिरडी बांधून झाली होती. सखाबाबा गेल्याचं सगळ्यांत आधी पाहिलं ते शेजारच्या हौसाकाकीनं. ती नमिताला बाजूला घेऊन कुजबुजली.

"दोर बगितलास? उशाशी वळून ठेवलेला. अजून ओला हाय. एकट्याला वळता येत नाय तो. दारोदार इचारून आले, टोक कोनी धरलं? कोनीच नाय म्हनतात."

नमितानं मुठी घट्ट मिटल्या. येताना गाडीतच तिनं पाहिलं होतं...

दोन्ही तळहातांवर लाल वळ. त्यांत काथ्याची कुसं रुतलेली.

सोमवारी सरांनी फाईल पाहिली. प्रोग्रॅमची ओळ न ओळ तपासली. चूक सापडेना. शेवटी म्हणाले, "पुन्हा करून दाखव. पुन्हा झालं तरच खरं मानेन."

नमितानं फ्लॉपी उचलली आणि ती निघून आली. ती जागा गेली.

आज ती कॉलेजात शिकवते. आता ते धागे कुठल्याही मशीनवर झटकन चिकटतात, सरळ पिळानं. तरी मशीन चालू असलं की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. मी एकदा विचारलं, सरांना पुन्हा करून का नाही दाखवलंस? तर माझ्यावरच चिडली.

"पुन्हा करायचं म्हणजे आधी कुणाला तरी दोर लागायला हवा ना!"