चार फूट दहा इंच

नबीसाब मणियारांना सोलापुरात कुणी विजेचा मिस्त्री म्हटलं, तर ते हसून सोडून देत; पण मनातून त्यांना ते रुचत नसे. घरात उजेड करणं वेगळं आणि इमारतीवर उजेड टाकणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. कमानीवर फोकस किती दुरून मारायचा, दगडाच्या खाचा उठून दिसाव्यात म्हणून दिवा भिंतीला किती चिकटवायचा, झाडाच्या बुंध्यापेक्षा फांद्यांत उजेड कसा अडकवायचा, हे सगळं ते चाळीस वर्षांत नुसत्या नजरेनं शिकले होते. आराखडा काढण्याआधी ते स्वतः दिवा घेऊन जागेवर जात. "कागदावर अंधार कुठं असतो?" असं म्हणत.

त्या जानेवारीत त्यांच्याकडे एका बंद गिरणीचं काम आलं. गिरणीच्या आवारात बाग व्हायची होती. उंच चिमणी, मागची काळ्या दगडाची लांबलचक भिंत आणि भिंतीपुढची जुनी चिंच, एवढ्यावर दिवे लावायचे होते. काम मोठं नव्हतं. पण पत्ता ऐकल्यावर नबीसाबांनी तो परत एकदा विचारून घेतला.

त्या गिरणीत ते एकोणिसाव्या वर्षी वायरमन म्हणून लागले होते. रोज दुपारी एक मुलगी आपल्या वडिलांचा डबा घेऊन मागच्या भिंतीशी यायची आणि भोंगा होईपर्यंत चिंचेखाली उभी राहायची. ठेंगणी, डोक्यावर घट्ट पदर. नबीसाबांना मग नेमकं त्याच वेळी त्या बाजूच्या वायरी तपासायचं काम निघायचं. पुढं तीच साबेरा त्यांच्या घरी आली आणि अडतीस वर्षं नांदली.

तिला जाऊन आता तीन वर्षं होत आली होती. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघं एकाच दवाखान्यात होती, वेगवेगळ्या वॉर्डांत. एका पहाटे नबीसाबांचा मोबाइल वाजला. पडद्यावर साबेराचं नाव होतं. तोंडावर मास्क, एका हाताला सलाइन, दुसरा हात उचलेपर्यंत रिंग थांबली. त्यांनी परत फोन लावला, तो कुणी उचलला नाही. दफन झाल्याचं त्यांना दोन दिवसांनी कळलं. तिला काय सांगायचं होतं, हा एकच प्रश्न तेव्हापासून त्यांच्या उशाशी होता.

पहिल्या दिवशी ते सूर्य मावळताना गिरणीत पोचले. फाटकावर सिद्धलिंगप्पा होता. तो पूर्वी साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर होता, गिरणी बंद पडल्यावर तिथंच राखणदार म्हणून राहिला. दोघांनी चहा घेतला. मग नबीसाबांनी लांब वायर ओढत मागं नेली, भिंतीपासून वीस फुटांवर जमिनीलगत फोकस ठेवला आणि अंधार पुरता होण्याची वाट पाहिली.

दिवा लागला तशी चिंचेच्या फांद्यांची जाळी भिंतीवर पसरली. त्यांना हवी होती तशीच. आणि त्या जाळीत एक बाई उभी होती.

सावलीच ती. डोक्यावर पदर, अंग जरा एका बाजूला कललेलं, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं.

"बाई, जरा बाजूला व्हा," नबीसाब म्हणाले. कुणी हललं नाही. त्यांनी चिंचेखाली पाहिलं. तिथं कुणीच नव्हतं. दिवा विझवला, पुन्हा लावला. सावली होती तिथंच होती. वारा पडला होता आणि कुठून तरी ओल्या सुताचा, त्याला लावायच्या खळीचा वास येत होता. या गिरणीत पंचवीस वर्षांत सुताचा धागा आला नव्हता.

त्यांनी सिद्धलिंगप्पाला हाक मारली. तो कोपऱ्यापर्यंतच आला आणि भिंतीकडं पाठ करून उभा राहिला.

"आत कुणी आलंय का रे?"

"कोण येतंय? फाटक मी लावलंय की."

दुसरा कुणी असता तर सामान टाकून पळाला असता. पण सावली हा नबीसाबांच्या रोजच्या कामातला भाग. सावली आहे म्हणजे दिवा आणि भिंतीच्या मधे काहीतरी उभं आहे, आणि ते कुठं उभं आहे हे काढता येतं. त्यांनी दिव्यापासून सावलीच्या डोक्यापर्यंत सुतळी ताणून भिंतीतल्या खिळ्याला बांधली. मग दिवा चार फूट डावीकडं सरकवला. सावली उजवीकडं गेली. तिच्या डोक्यापर्यंत त्यांनी दुसरी सुतळी ताणली. दोन्ही सुतळ्या चिंचेखाली, हवेत एका जागी एकमेकींना भेटल्या. तिथून जमिनीपर्यंत त्यांनी टेप सोडला.

चार फूट दहा इंच.

नबीसाबांच्या हातातून टेप सुटला. स्वयंपाकघरातल्या फळ्या त्यांनी स्वतः ठोकल्या होत्या, साबेराचा हात पोचावा म्हणून तिला उभं करून मापं घेतली होती. ते माप त्यांना पाठ होतं. त्यांनी सुतळ्या भेटल्या त्या जागी हलकेच हात धरला. तिथं गार नव्हतं. उबदार होतं, नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या जागेसारखं.

घरी मुलीनं, सनानं, जेवताना विचारलं, "अब्बा, काम कसंय?"

"चांगलंय," ते म्हणाले. "उद्या परत जावं लागेल."

किती दिवसांनी ते पोटभर जेवत होते, हे पाहून सनाला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगप्पानं त्यांना फाटकातच अडवलं.

"नबीभाई, दिसलं न्हवं तुमाला काल?"

"तुला ठाऊक होतं?"

"माझी बायकू तानाबाई गेली त्या साली. ब्याटरी घिऊन फिरत हुतो, तर भितीवर तीच. मी हाक मारली. दुसऱ्या दिवशी जवळ आली. तिसऱ्या दिवशी लईच जवळ..." तो थांबला. "हाक मारू नका. ती तानाबाई नव्हती."

"कशावरून?"

"तानाबाईचा डावा हात साच्याच्या पट्ट्यात गेल्याला. सगळ्या गिरणीला ठाव हाय. भितीवरच्या सावलीला दोन हात हुते."

"तिथं गेल्यावर माणूस पुरा होत असेल, सिद्धलिंगप्पा."

"मी बी तेच म्हणलं हुतं सवताला," तो म्हणाला. "लई दिस तेच म्हणत हुतो."

त्या संध्याकाळी सावली होतीच. नबीसाब दिव्याशेजारी मांडी घालून बसले. हाक मारायची नाही असं त्यांनी खरंच ठरवलं होतं. पण सावलीनं हात वर नेला आणि घसरलेला पदर पुढं ओढला. दोन बोटांत धरून, कानामागून. अडतीस वर्षं पाहिलेली ती लकब.

"साबेरा..." त्यांच्या तोंडून गेलं.

सावली एकदम वाढली. डोकं भिंतीच्या माथ्याला टेकलं. हिशेब साधा होता, सावली मोठी होते म्हणजे माणूस दिव्याकडं सरकतो. नबीसाबांनी सुतळ्या ताणल्या नाहीत. खळीचा वास आता अगदी नाकाशी आला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा फोकस नेला. आराखड्यात तो लागणारच होता. भिंतीवर एकाच बाजूनं उजेड टाकला की निम्मा दगड काळा राहतो. त्यांनी तो पलीकडच्या टोकाला मांडला, वायर जोडली, पण बटण दाबलं नाही. दुसऱ्या बाजूनं उजेड आला की सावली पुसली जाणार, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं?

पहिला दिवा लावला. दिवा लागला, काच पांढरी झाली, तिची धग त्यांच्या गुडघ्याला लागली. पण भिंत अंधारीच राहिली. चिंच नाही, फांद्या नाहीत, बाईचा आकार नाही. सगळ्या भिंतीवर एकच काळोख. दिव्याच्या तोंडाशी काहीतरी उभं होतं. नबीसाबांपासून हातभर अंतरावर.

तरी ते उठले नाहीत.

"त्या पहाटे फोन केलास," ते पुटपुटले. "माझा हात पोचला नाही गं. काय सांगायचं होतं...?"

कुठंच काही हललं नाही. मग कानाजवळ, अगदी खालच्या आवाजात, घरातल्या त्यांच्या बोलीत, साबेराच्याच आवाजात शब्द आले.

"बत्ती बुझाव..."

नबीसाबांचा हात बटणाकडं गेला. अंधार झाला की ती बोलेल, असं त्यांना वाटलं. सगळं सांगेल. बोट बटणावर टेकलं... आणि पलीकडच्या टोकाचा फोकस भक्कन पेटला.

भिंत पांढरीफटक उजळली. दगडाचा सांधा न् सांधा दिसू लागला. दुसऱ्या दिव्याशी सिद्धलिंगप्पा उभा होता, डोळे गच्च मिटून.

"का लावलास?" नबीसाब ओरडले. त्यांना रडू आवरेना. "बोलत होती ती! का लावलास?"

"काय म्हणत हुती?"

"बत्ती बुझाव म्हणाली."

सिद्धलिंगप्पानं डोळे उघडले. "मला बी तेच म्हणलं हुतं, नबीभाई. दिवा विझव." तो जवळ आला आणि त्यानं नबीसाबांना हाताला धरून उठवलं. "विझवला असता तर काय झालं असतं, मला ठाव न्हाय. मी पळालो."

नबीसाबांनी आराखडा दोन्ही बाजूंच्या दिव्यांचाच दिला.

मार्चात बाग खुली झाली. संध्याकाळी माणसांनी आवार फुलून गेलं. चिमणी खालपासून वरपर्यंत तांबूस उजळली होती, चिंचेत उजेड अडकला होता, काळा दगड सोन्यासारखा दिसत होता. लोक नबीसाबांचं कौतुक करत होते. ते भिंतीजवळ एकटेच उभे राहिले. सनानं लांबून त्यांचा फोटो काढला आणि मोबाइलकडं पाहत ती तशीच उभी राहिली.

दोन बाजूंनी दिवे होते, त्यामुळं भिंतीजवळच्या प्रत्येकाच्या दोन फिकट सावल्या पडल्या होत्या. अब्बांच्या बाजूला मात्र चार होत्या. दोन उंच, दोन ठेंगण्या.

तिनं फोटो त्यांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. ठेंगण्या सावल्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. मोबाइल परत दिला आणि म्हणाले, "चल, घरी जाऊ."

रस्त्यावर रहदारी होती. नबीसाब नेहमीपेक्षा सावकाश चालत होते, मधेच थांबत होते. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं त्यांना सलाम केला आणि सनाकडं पाहून म्हणाला, "ताई, अब्बांपासून इतक्या लांबून का चालताय?"

सना दचकली. तिनं पाहिलं, तर आपण आणि अब्बा यांच्या मधे एका माणसाएवढी जागा तिनं सोडली होती. कधीपासून, ते तिला आठवेना. ती जागा भरायला तिनं पाऊल उचललं, पण ते पुढं टाकायचं तिला धाडस झालं नाही.