चौथी बुडी

त्या दुपारी मी एडिटिंगच्या खोलीत गेलो तो एक खोटं पकडायला. देवमाशांवरच्या माहितीपटाचा कॅमेरामन समुद्रात मेला होता आणि कंपनीने पत्रक काढून हात झटकले होते: तो कुणालाही न सांगता एकटाच खाली गेला. मेलेला माणूस खुलासा देत नाही, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक असतं. त्याची बायको मला म्हणाली होती, "भाऊ, हे दूध आणायलासुद्धा सांगून जायचे. एवढं खोटं तेवढं खोडून काढा."

देवमाशांचं चित्रण करणारे हे लोक पाठीला हवेची टाकी लावत नाहीत. बुडबुड्यांनी देवमासे बुजतात. दम धरून खाली जायचं, तीन मिनिटांत वर यायचं. वर एक राखणदार पाण्यात तोंड घालून नजर ठेवतो. या कॅमेरामनची स्वतःची एक रीत होती. बुडी कितवी, तितकी बोटं लेन्ससमोर धरायची. शॉट संपला की लेन्सवर तळहात.

कॅमेरा दुसऱ्या दिवशी कोळ्यांच्या जाळ्यात सापडला होता. एडिटरने त्यातली शेवटची क्लिप लावली. चार बोटं. करंगळी अर्धी, कधीतरी दोरात सापडून तुटलेली. समोर राखणदार, त्याने बोटं बघून मान डोलावली.

"सापडलं!" मी म्हणालो. "याला सांगितलं होतं."

"थांबा साहेब. पुढे बघा."

निळा काळोख. दोन देवमासे पाण्यात उभेच्या उभे झोपलेले, खांबांसारखे. तीन मिनिटं झाली. पाच झाली. चित्र जरासुद्धा हललं नाही. विसाव्या मिनिटाला कॅमेरा सावकाश वर वळला. होडीचा तळ दिसला. चार हात एका देहाला वर ओढत होते. पायांतले रबरी पंख पाण्याबाहेर गेले. कॅमेरा पुन्हा देवमाशांकडे वळला.

"मग हा... धरलाय कुणी?"

"मला नका विचारू. मी फक्त जोडतो नि कापतो."

एक्केचाळिसाव्या मिनिटाला लेन्सवर तळहात आला. करंगळी अर्धी.

अर्धवट छापलेल्या विधानांवरून मी तीस वर्षं संपादकांशी भांडलो आहे. पण ही क्लिप बघून कंपनीचा वकील काय म्हणेल, ते मला तोंडपाठ होतं. बनावट.

"तिसऱ्या मिनिटाला काप."

"त्यांचा शॉट मी कधी मधेच तोडला नाही, साहेब. हात येईपर्यंत..."

"काप म्हणतो ना!"

त्याने कापलं. मी छापलं. कंपनीने पत्रक मागे घेतलं, माफी मागितली. कापलेली प्रत मी त्याच्या बायकोला पाठवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज शांत होता.

"फार उपकार झाले, भाऊ. पण क्लिप तीन मिनिटांची म्हणाला होतात ना?"

"हो. का?"

"सकाळी लावली होती. अजून चालू आहे."

माझ्या घड्याळात साडेचार वाजले होते.

"ताई, बंद करा ती."

"कशी करू? त्यांनी अजून हात ठेवला नाही..."