दोन चार्जरमधला खड्डा

माझ्या मेहुण्याच्या अंगी एकच गुण होता. गाडीत काय बिघडलंय ते त्याच्या पाठीला कळायचं. बाकी सगळा उजेडच. बायकोने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, म्हणून तो आमच्या घरात आणि माझ्या गॅरेजमध्ये होता.

त्या आठवड्यात एक लाल गाडी आली. मालकाला एकाच इंजिनावर सुपरचार्जर आणि टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारी दोन्ही यंत्रं हवी होती. हौसेला मोल नाही. सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, त्यामुळे पाय ठेवताच गाडी ओढते. टर्बो फिरतो इंजिनच्या धुरावर, त्याला जोर धरायला वेळ लागतो. तेव्हा एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं. पण दोन सुनांच्या भरवशावर दूध उतू जावं तसं मध्ये क्षणभर कुणीच ओढत नाही. त्याला मी खड्डा म्हणतो.

तो बुजवणं हे माझं काम. गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर मी गाडी पळवायची, मेहुण्याने शेजारी डोळे मिटून बसायचं आणि झटका जाणवला की "आता" म्हणायचं.

पहिल्या फेरीत तो काहीच बोलला नाही. मी चिडून बाजूला पाहिलं. सीट रिकामी होती. सीटबेल्ट लावलेला, सपाट पडलेला. टर्बोने जोर धरला आणि तो पुन्हा तिथे होता.

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. डोळ्यावर ऊन आलं असेल. मी लॅपटॉप जोडून सुपरचार्जर जरा उशिरा सुटेल असं केलं. खड्डा निम्मा झाला. पुन्हा निघालो.

या वेळी तो पापणी लवेपर्यंत गेला आणि आला. पण त्याचे ओठ फुटले होते, आणि सकाळीच घोटलेली दाढी छातीला टेकली होती. बाटलीतलं सगळं पाणी त्याने एका दमात संपवलं.

"कुठे होतास?"

"इथेच. याच रस्त्यावर." तो माझ्याकडे बघेना. "गाडी नव्हती. तुम्हीपण नव्हता. खूप हाका मारल्या, भावजी."

"किती वेळ?"

"तिथे ऊन उतरतच नाही. कसं कळणार?" मग त्याने माझा हात धरला. "खड्डा जेवढा लहान करता, तेवढं मला जास्त थांबावं लागतं. पूर्ण बुजवू नका. निदान मी बसलेलो असताना नको."

"बरं," मी म्हणालो. मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? पण हातातोंडाशी आलेला घास कोण सोडतो? आणि ती पाठ दुसऱ्या कुणाकडे नव्हती. तो गोदामाच्या नळावर तोंड धुवायला गेला तेवढ्यात मी शेवटचा बदल केला.

"काही केलं नाहीत ना?" सीटबेल्ट लावताना त्याने विचारलं.

"नाही रे. तुझ्या ताईची शपथ."

गाडी सुटली. एक आवाज दुसऱ्यात कधी मिसळला, ते मलाही कळलं नाही.

मी शेजारी पाहिलं. सीट क्षणभरही रिकामी झाली नव्हती.

तिथे एक म्हातारा बसला होता.

शर्ट मेहुण्याचाच. पांढरे केस मांडीवर साचलेले. नखं वळून तळव्यात रुतलेली.

मी गाडी थांबवली. "झटका जाणवला?"

तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने नकारार्थी मान हलवली.

मला आनंद झाला. असं काम आयुष्यात एकदाच होतं.

घरी निघण्याआधी मी त्याचे केस, दाढी आणि नखं कापली, शर्ट बदलला. बायकोने दार उघडलं आणि ती अदबीने बाजूला झाली.

"या ना आजोबा. बसा." मग हळूच मला म्हणाली, "आणि हा कुठे राहिला? फार राबवता हं तुम्ही त्याला."

"येईल."

तिने म्हाताऱ्याला वाढलं. त्याने दोनदा तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. इतक्या हाकांनंतर कुठून फुटणार?

"सावकाश जेवा," ती म्हणाली. मग तिने भावाचं ताट वाढलं, आणि गार होऊ नये म्हणून वर झाकण ठेवलं.